हिरोशिमाच्या संग्रहालयातील एक दुपार

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी जुन्या काळचा मॅट्रिक झालेला एक सेवानिवृत्त शिक्षक. वक्तृत्व हा माझा प्रांत नव्हे. परंतु चिटणीसांची आज्ञा मोडवत नाही. चिरंजीव नोकरीनिमित्त जपानात ओसाका येथे असल्यामुळे गतवर्षी तिकडे जाण्याचा योग आला आणि हिरोशिमा येथील शांतिस्मारक संग्रहालय पाहावयास मिळाले. त्याविषयी, व त्या निमित्ताने माझ्या एका चुकीविषयी, चार शब्द सांगतो.

प्रथम चूक सांगतो. इतिहास शिकवताना मी हिरोशिमा दोन ओळींत उरकीत असे. ६ ऑगस्ट १९४५, अमेरिकेने टाकलेला पहिला अणुबाँब. रिकाम्या जागा भरण्यास तेवढे पुरेसे होते. एकदा एका मुलाने विचारले, "गुरुजी, त्या गावात शाळा होत्या का हो?" मी म्हणालो, "हे परीक्षेला येत नाही. खाली बस." मुलगा खाली बसला आणि मीही तो प्रश्न विसरून गेलो.

१९५५ साली सुरू झालेल्या त्या संग्रहालयात माहिती सांगण्यासाठी स्वयंसेवक असतात. आम्हांस लाभलेल्या बाई माझ्याच वयाच्या, म्हणजे युद्धानंतर जन्मलेल्या होत्या. चिरंजीव दुभाषी झाला. बाईंनी आरंभीच सांगितले की, हिरोशिमा हे मोठे लष्करी ठाणे होते आणि तेथील ऊजिना बंदरातून जपानी सैन्य परमुलखावर चाल करून जात असे. आपल्या देशाची ही बाजू त्यांनी झाकून ठेवली नाही, म्हणून त्यांच्या पुढील शब्दांवर माझा अधिकच विश्वास बसला.

सकाळी सव्वाआठ वाजता शहरावर सुमारे ६०० मीटर उंचीवर बाँब फुटला. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत सुमारे १,४०,००० माणसे मृत्युमुखी पडली. शिक्षकाच्या सवयीने मी आकडा वहीत टिपून घेतला. बाई शांतपणे म्हणाल्या, "आता वही मिटा आणि हा डबा पाहा."

काचेच्या पेटीत शाळेला न्यावयाचा एक डबा होता. आतील अन्नाचा कोळसा झालेला. घरच्या नव्या शेतातील पहिल्या पिकाचे ते अन्न असल्यामुळे मुलगा त्या दिवशी मोठ्या आनंदाने डबा घेऊन निघाला होता. तो माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्गात होता. तीन दिवसांनी आईला त्याचा देह सापडला, तेव्हा डबा त्याच्या पोटाशी होता. त्याने तो उघडलाच नव्हता.

बाईंनी पुढे सांगितले, तो मुलगा एकटा नव्हता. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून घरे पाडून मोकळे पट्टे तयार करण्याचे काम चालू होते आणि त्यासाठी बारा-तेरा वर्षांची शाळकरी मुले-मुली आणलेली होती. त्या सकाळी अशी सुमारे ८,००० मुले कामावर होती. त्यांपैकी सुमारे ६,००० गेली. त्यांच्यासमवेत त्यांचे शिक्षकही होते. पुष्कळ जण आपल्या वर्गासह तेथेच संपले.

बंधूभगिनींनो, मला तत्क्षणी तो खाली बसविलेला मुलगा आठवला. होय बाळा, त्या गावात शाळा होत्या. चाळीस वर्षे शिक्षक म्हणून मिरवलेल्या माणसाला हे उत्तर एका परदेशी बाईंकडून शिकावे लागले.

निघताना मी विचारले, "आपण हे स्वतः पाहिले नाही, मग इतके कसे सांगता?" त्या म्हणाल्या, वाचलेली माणसे आता वृद्ध झाली आहेत, रोज कोणी तरी जाते. म्हणून १९१२ साली नव्हे, अगदी अलीकडे, २०१२ साली नगरपालिकेने अशी माणसे तयार करण्यास आरंभ केला, की ज्यांनी वाचलेल्यांच्या पायाशी बसून त्यांची हकीकत शिकावी आणि पुढे सांगावी. आपल्याकडील गुरुमुखातून विद्या घेण्याच्या परंपरेहून हे निराळे ते काय?

संग्रहालयानजीक १९७१ साली उभारलेला एक पुतळा आहे. एका शिक्षिकेने गतप्राण विद्यार्थ्याला उचलून धरले आहे. त्यापुढे मी पादत्राणे काढून उभा राहिलो.

आज येथे आपण गुणवंत विद्यार्थ्यांना पारितोषिके देणार आहोत. माझी पालकांना आणि माझ्या शिक्षक बांधवांना एवढीच हात जोडून विनंती आहे: मूल पुस्तकाबाहेरचा प्रश्न विचारील, तेव्हा त्याला खाली बसवू नका. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगा आणि दोघे मिळून शोधा. माझ्याकडून जे राहून गेले, ते आपणांकडून राहू नये.

जय हिंद.