थंडावा येतो कुठून?

श्रोतेहो, या स्टुडिओत छान गारवा आहे. असा गारवा लागला की मला माझे थोरले भाई आठवतात.

आमच्या रत्नागिरीकडे अनेक घरांतला एखादा तरी माणूस जहाजावर असायचा. भाई मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये फिटर होते. १९८० च्या दशकात आखातातून त्यांची पत्रे येत. प्रत्येक पत्रात एक वाक्य ठरलेले : 'अम्मीला सांग, केबिनमध्ये एसी आहे, काळजी करू नये.' अम्मी ते मला दोनदा वाचायला लावी.

मी बी.ए. झालेला, मला वाटे, एसी थंडी तयार करतो. भाई रजेवर आले तेव्हा हसले. म्हणाले, ''थंडी कोणी बनवत नाही रे. आतली उष्णता उचलायची आणि समुद्रात टाकायची.''

यंत्राच्या नळ्यांत एक द्रव फिरतो. तो केबिनच्या हवेतली उष्णता शोषतो आणि त्याचा वायू होतो. कॉम्प्रेसर तो वायू दाबतो. मग पंपाने ओढलेले समुद्राचे पाणी त्याची उष्णता घेऊन जाते आणि पुन्हा द्रव उरतो. खोली हवी तितकी गार झाली की थर्मोस्टॅट यंत्राला थांबवतो. लहान बोटींवर एक झडप फिरवली की हीच वाट उलटते. समुद्राची ऊब केबिनमध्ये येते. मात्र पाणी गोठायला आले की ही युक्ती चालत नाही. मोठ्या जहाजांवर थंडीत हवा तापवायला वाफेच्या किंवा गरम पाण्याच्या नळ्या असतात.

आखातात उन्हाळ्यात समुद्राचे पाणीच ३० अंशांच्या वर जाते. त्यात गाळणीत शेवाळ, जेलीफिश अडकले की पाणी कमी येते, दाब चढतो आणि कॉम्प्रेसर आपोआप बंद होतो. केबिनी तापू लागतात. मग गाळणी उघडायला फिटर खाली जातो. तिथे पारा चाळिशी ओलांडलेला, आणि तिथे एसी नसतो.

हे भाईंनी मला सांगितले ते अम्मी गेल्यानंतर.

''पत्रात मी खोटं लिहिलं नाही,'' ते म्हणाले. ''केबिनमध्ये एसी होताच. मी केबिनमध्ये किती वेळ असायचो, तेवढं लिहिलं नाही.''