गावठाणातील रोहित्र आणि विजेवरील वाहन



राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या मार्गावर धावली. त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी विजेवर चालणारी ‘शिवाई’ बस सुरू झाली. हे स्थित्यंतर स्वागतार्ह आहे. तथापि, २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची सुमारे ५५ टक्के लोकसंख्या ग्रामीण आहे. विजेवरील वाहनाची खरी कसोटी बसस्थानकात नव्हे, तर गावठाणातील घराच्या ओसरीवर लागणार आहे.

शासनाच्या २०२५ च्या धोरणात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंग केंद्र उभारण्याचे उद्दिष्ट आहे. मोटारीस ते उपकारक ठरेल. परंतु खेड्याचे वाहन प्रामुख्याने दुचाकी. दुधाची किटली, खताची गोणी, शाळेचा शिक्षक, सर्वांचा भार तिच्यावरच. तीन युनिट वीज साठविणाऱ्या बॅटरीवर अशी दुचाकी साधारणतः ८० किलोमीटर जाते; ओझे, चढ व बॅटरीचे वय यांनुसार हे अंतर घटते. तेवढ्याच अंतरास पेट्रोल पावणेदोन लिटरच्या आसपास लागते. बचत उघड आहे; पण चार्जिंग व्हायचे ते घरीच.

येथेच पंचायतीचे कार्य सुरू होते. चार्जिंग करताना एक दुचाकी सुमारे पाऊण किलोवॅट भार घेते. पन्नास दुचाकी सायंकाळी एकाच वेळी लावल्या, तर ३५ ते ४० किलोवॅटची भर पडते. गावातील रोहित्र बहुधा ६३ किंवा १०० केव्हीएचे असते आणि त्याच वेळी घरोघरचे दिवे, पंखे चालू असतात. रोहित्र जळाले, तर गाव अंधारात जाते, पाणीपुरवठ्याची मोटरही थांबते. दुचाकी रात्री दहानंतर पाळीपाळीने लावल्या, तर हे संकट टळू शकते. भार वाढण्यापूर्वीच मोठ्या रोहित्राची मागणी ग्रामसभेच्या ठरावाने वीज कंपनीकडे जाणे अगत्याचे आहे.

घरातील व्यवस्थाही तपासून घ्यावी. जुनी वायर, अर्थिंगचा अभाव, फ्यूजमध्ये घातलेली जाड तार किंवा तारेवर टाकलेला आकडा, यांच्या जोडीला रात्रभराचे चार्जिंग म्हणजे आगीस निमंत्रणच. शाळेत विज्ञानाच्या तासाला अर्थिंगचे महत्त्व शिकविले, तर ते ज्ञान घरोघर पोहोचेल. दुरुस्तीसाठी तालुक्याला खेटे घालावे लागू नयेत, यास्तव गावातील होतकरू तरुणांना औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील या वाहनांच्या अभ्यासक्रमाकडे वळवावे.

राज्यातील वीज आजही मोठ्या प्रमाणावर कोळशापासून निर्माण होते. त्यामुळे केवळ वाहन बदलल्याने प्रदूषण नाहीसे होणार नाही. सौर विजेची जोड वाढेल, तसा लाभही वाढेल. धोरण मंत्रालयात ठरते, वाहन कारखान्यात घडते. परंतु ते गावात टिकते की नाही, हे गावच्या रोहित्रावर आणि गावाच्या शिस्तीवर अवलंबून राहील.