बोलेल तो करेल काय?



‘गर्जेल तो पडेल काय, बोलेल तो करेल काय’ ही म्हण आपल्याकडे पोराटोरांनाही पाठ असते. ढगांपुरती ती खरी असेलही. माणसांच्या बाबतीत तिने फार घात केला आहे. आत्महत्या केलेल्या पुष्कळांनी आधी कुणाजवळ तरी तसं बोलून दाखवलेलं असतं.

ऐन मे महिन्यात, पूर्ण बाह्यांचा कुर्ता घातलेली एक कॉलेजातली मुलगी माझ्यासमोर बसली होती. बाही सारखी मनगटाखाली ओढत होती. आई म्हणाली, “डॉक्टर, हिला मरायचं-बिरायचं काही नाही. जखमा वरवरच्या आहेत. नाटकं सगळी.” आईला बाहेर बसवलं. बऱ्याच वेळाने मुलगी बोलली, “मरायचं नव्हतंच. आतला कालवा थोडा वेळ थांबावा, एवढंच.”

आईचं अर्धं बरोबर होतं. स्वतःला इजा करणाऱ्या प्रत्येकाला मरायचं असतंच असं नाही. पण अशांच्या बाबतीत पुढे आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका वाढतो. आणि जखमेच्या खोलीवरून हेतू मोजता येत नाही. किरकोळ दिसणाऱ्या प्रयत्नामागेही पक्का विचार असू शकतो. कर्ज, दारू, नैराश्य, घरातली मारहाण, यांतलं एकच कारण क्वचित असतं. आधी प्रयत्न झाला असेल, तर मात्र फार जपायला हवं.

हेतू लाटेसारखा चढतो, ओसरतो. ती लाट ओसरेपर्यंत साधन हाताशी नसलं, तर जीव वाचू शकतो. श्रीलंकेने १९९५ च्या सुमारास अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातली. दहा वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. लोकांची दुःखं काही निम्मी झाली नव्हती. म्हणून घरात कुणी खचलेलं असेल, तर फवारणीचं औषध कुलपात ठेवा, किल्ली शेजाऱ्याकडे द्या.

“आत्महत्येबद्दल विचारलं तर नसतं डोक्यात भरेल,” ही भीती मी रोज ऐकतो. तसं होत नाही. सरळ विचारा, दोष न देता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं आहे, आणि त्याची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य ठरवलं आहे. ‘टेली मानस’ या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मोफत, मराठीतूनही.

त्या आईलाही हेच सांगितलं. ती घाबरली होती. पुढच्या खेपेला म्हणाली, “रात्री भांडी आवरून तिच्याशेजारी बसले. विचारलं, बाळा, मरावंसं वाटतं का गं? आधी नुसती रडली. मग म्हणाली, अधूनमधून. दोनपर्यंत जाग्या होतो आम्ही.”