हजेरीपटावर नसलेली मुलं
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मघाशी माझं नाव पुकारलं तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "सुई आणलीय काय गं?" आणलेली नाही. पण विषय सुईचाच आहे.

मी आरोग्यसेविका. कागल पंचतारांकित एमआयडीसीच्या आसपासच्या वस्त्या माझ्याकडं आहेत. तुमच्यातले कितीतरी जण रोज तिथंच जाता. कुणाचं मशीन शॉप आहे, कुणी फौंड्रीत सुपरवायझर, कुणी लेबर कॉन्ट्रॅक्टर. गेटच्या आतलं तुम्हाला जास्त ठाऊक. मी कंपाउंडच्या मागचं सांगते. पत्र्याच्या खोल्या, त्यात बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाकडची माणसं. बांधकाम संपलं की अख्खी वस्ती उठून दुसरीकडं जाते. साखर कारखान्यांची धुराडी पेटली की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात, शिवारात पालं पडतात. यांची मुलं ना इथल्या यादीत, ना गावाकडच्या.

दीड महिन्याच्या बाळाला पेंटाव्हॅलेंटचा पहिला डोस असतो. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब, पाच रोगांवर एकच सुई. तोसुद्धा न मिळालेल्या बाळाला आम्ही 'झिरो डोस' म्हणतो. २०२४ साली जगात अशी सुमारे १ कोटी ४३ लाख बाळं होती. त्यातली जवळपास निम्मी युद्ध नाहीतर अस्थिरता असलेल्या देशांतली. ते आकडे वाचताना मला आपली पत्र्याची खोली दिसते.

आता माझी चूक सांगते. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबईत, गोवंडीकडं गोवराची साथ आली आणि आम्हाला घरोघर बघायला सांगितलं. एका खोलीत दहा-अकरा महिन्यांचं पोर. मी माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं, "सुई लगाया?" आईनं मान हलवली. डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण होता. मी 'लस झाली' असं लिहिलं आणि पुढच्या दाराशी गेले. तो व्रण जन्मल्यावर दवाखान्यात टोचलेल्या सुईचा होता. त्यानंतर त्याला काहीच मिळालं नव्हतं. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची तर नाहीच. तीन आठवड्यांनी त्याच पोराला ताप, अंगभर पुरळ आणि मग न्यूमोनिया. 'अ' जीवनसत्त्वाचे डोस दिले, सलाईन, ऑक्सिजन. आठ दिवस ते दवाखान्यात होतं. वाचलं. पण त्या आठ दिवसांत मी घरी नीट जेवले नाही.

तेव्हापासून मी मान हलवण्यावर विश्वास ठेवत नाही. कार्ड मागते. कार्ड नसेल तर दीड महिन्याला कुठं होता, नवव्या महिन्यात कुठं होता, असं गावाच्या नावांनी विचारते. तारीख कुणाच्या लक्षात राहत नाही, पण कुठल्या साइटवर होतो ते बाईला बरोबर आठवतं. खरंच काही झालेलं नसलं, तर वयात बसतील त्या लसी तिथूनच सुरू करते.

लोक लसीला विरोध करतात असं बऱ्याच जणांना वाटतं. मला तसे फार कमी भेटले. अडचण रोजाची असते. आमचं सत्र सकाळी, आणि तेव्हाच आई कामावर. सुईनंतर पोराला ताप आला तर दुसऱ्या दिवसाचा खाडा. लसही हट्टी. दोन ते आठ अंशांत ठेवायची, आणि गोवराची बाटली एकदा उघडली की चार तासांत संपवायची, उरली तर टाकून द्यायची. त्यामुळं एका पोरासाठी बाटली उघडताना हात अडतो. खरं तर अडू नये, उघडायचीच असते.

एका कारखान्याच्या मॅनेजरकडं मी बायकांसाठी अर्धा तास मागितला. ते म्हणाले, "प्रॉडक्शन थांबवता येत नाही, सिस्टर." घरी येऊन मी खूप चिडले. १९८५ साली एल साल्वादोरमध्ये यादवी युद्ध चालू असताना दोन्ही बाजूंनी मुलांच्या लसीकरणासाठी तीन दिवस बंदुका थांबवल्या होत्या. सप्टेंबर २०२४ मध्ये गाझात पोलिओच्या थेंबांसाठी रोज काही तास, भागाभागानं, लढाई थांबली. आणि आपल्याकडं अर्धा तास मशीन थांबत नाही!

पण चिडून काम होत नाही. दुसऱ्या एका शेडच्या मालकानं मात्र जेवणाच्या सुट्टीत पार्किंगमध्ये टेबल मांडून दिलं. त्या दिवशी चौदा मुलं आली, त्यातल्या पाच जणांचा तो पहिलाच डोस. तो मालक आज इथंच बसलाय. नाव घेऊ नको असं त्यानं जेवणाच्या रांगेत बजावलंय, म्हणून घेत नाही.

सर, तुम्ही हजेरी घेताना गैरहजर पोराच्या नावापुढं नुसती फुली मारत नव्हता. संध्याकाळी सायकलवरून त्याच्या घरी जायचा. माझ्याही घरी आला होता, आई आजारी होती तेव्हा. माझी अडचण एवढीच, की या पोरांची नावंच पटावर नाहीत. ती तुम्हाला, म्हणजे माझ्या वर्गबंधूंना, माहीत असतात. कामगार भरती करताना आधार कार्ड घेता ना? तेव्हाच विचारा, "सोबत लहान मूल आहे काय?" असेल तर मला एक मेसेज टाका. माझा नंबर ग्रुपवर आहेच, आणि तिथं रोज सकाळी फुलांचे फोटो टाकायला तुम्हाला वेळ मिळतो हे मला दिसतं. सत्राच्या आदल्या दिवशी कळलं तरी चालेल, त्या पोराची लस मी डब्यात धरून आणते. फक्त आईचा त्या दिवसाचा रोज कापू नका.

पाठीमागून हात दिसतोय, म्हणजे जेवणं वाढलीत. थांबते.