फोटोच्या मागं नाव लिहा

आम्ही इगतपुरी तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया. आमच्यात निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी रेल्वेत होतं. कुणाचा सासरा सांधेवाला, कुणाचे वडील गँगमन, कुणाचा मामा फाटकावर.

दिवाळीची साफसफाई करताना आमच्यातल्या एकीला ट्रंकेत एक फोटो सापडला. सिग्नलच्या खांबाजवळ खाकी कपड्यातले तिचे आजेसासरे. शेजारी हातात कंदील घेतलेली, कडेवर मूल असलेली बाई. आजेसासऱ्यांना सगळ्यांनी ओळखलं. बाई कोण, ते घरात कुणालाच सांगता येईना. आजेसासू म्हणावी, तर चेहरा जुळत नाही. सांगणारी सासू दोन वर्षांपूर्वी गेली. फोटोच्या मागं एक अक्षर नाही. त्या दिवशी आम्हाला चुटपूट लागली, म्हणून आज बोलतोय.

आपण अजून म्हणतो, "सिग्नल पडला, गाडी येतेय." आता तर लाल-हिरवे दिवे लागतात, पडत काहीच नाही. मग हा शब्द आला कुठून? जुन्या सिग्नलला खांबावर लाकडी किंवा पत्र्याचा हात असायचा. हात आडवा, तर गाडी थांबणार. हात खाली पडला, तर गाडीला वाट मोकळी. केबिनमध्ये माणूस खटका ओढायचा आणि लांबलचक तारेनं तो हात हलायचा. तार तुटली, तर वजनामुळं हात आपोआप आडवा व्हायचा. म्हणजे बिघाड झाला तरी गाडी थांबावी, अशी सोय होती.

रात्री त्या हातामागं रॉकेलचा दिवा जळायचा आणि पुढं लाल-हिरव्या काचा. आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या आक्का सांगतात, "खांबावर चढायचे ते आमचे मामंजी. पण वात कापायची, काच राखेनं घासायची, ते आम्ही दारात बसून करायचो. काच काळी राहिली तर ड्रायव्हरला दिसणार काय?" पगार मामंजींच्या नावानं यायचा. आक्कांचं नाव कुठल्याच वहीत नाही.

एकेरी मार्गावर लोखंडी गोळा असायचा. तो हातात आल्याशिवाय ड्रायव्हर पुढच्या स्टेशनाकडं गाडी नेत नसे. दोन स्टेशनांची यंत्रं तारेनं जोडलेली. एक गोळा बाहेर असेपर्यंत दुसरा निघायचा नाही. त्यामुळं समोरासमोर दोन गाड्या येत नसत.

आता एका बाईची गोष्ट ऐका. आपला कसारा घाट 1865 मध्ये सुरू झाला. त्याच्या दोन वर्षं आधी, 1863 मध्ये, खंडाळ्याचा बोरघाट सुरू झाला. त्याचं कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल या इंग्रज माणसानं घेतलं होतं. 1859 मध्ये तो इथं आला आणि थोड्याच दिवसांत आजारानं वारला. त्याची बायको अ‍ॅलिस हिनं कंत्राट सोडलं नाही. दोन इंजिनियर हाताशी घेऊन तिनं काम पुरं करवलं. घाटाचे फोटोही तिनं काढले, ते आजही जपून ठेवलेले आहेत. फोटोंमुळं अ‍ॅलिसचं नाव राहिलं. पण 1861 साली त्या घाटात सुमारे 42 हजार माणसं राबत होती. त्यांत डोक्यावर पाटी घेऊन माती-दगड वाहणाऱ्या बायाही होत्या. त्यांची नावं कुणी लिहिली नाहीत.

म्हणून आम्ही ठरवलं आणि तुम्हालाही सांगतो. घरातले जुने फोटो बाहेर काढा. म्हाताऱ्या माणसांजवळ बसा आणि विचारा: हे कोण, गाव कुठलं, साल कोणतं? मागच्या बाजूला मऊ पेन्सिलनं, हलक्या हातानं लिहा. पेनाची शाई पुढं उमटते. ओल लागेल तिथं फोटो ठेवू नका. मोबाइलवर त्याचाही फोटो काढून ठेवा. बाईचं नाव लिहिताना "अमक्याची बायको" एवढ्यावर थांबू नका. तिचं स्वतःचं नाव आणि ती काय काम करायची, तेही लिहा.

आणखी एक. जुना खांब, जुनी केबिन दिसली की पोरं मोबाइल घेऊन रुळावर धावतात. आमच्याच एका पोरीला मागून येणारी गाडी ऐकू आली नाही. फाटकावरच्या माणसानं ओरडून बाजूला केलं म्हणून ती वाचली. विजेची गाडी फार आवाज न करता येते. रुळावर शिरणं हा गुन्हाही आहे. रेल्वे कायदा 1989, कलम 147 प्रमाणं सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. फोटो हवा असेल, तर स्टेशन मास्तरांना विचारा आणि लांब, सुरक्षित जागी उभं राहून काढा. जुनं सामान पडलेलं दिसलं तरी उचलून आणू नका. ते रेल्वेचं आहे.

ट्रंकेतला तो फोटो घेऊन आम्ही गेल्या महिन्यात आक्कांकडं गेलो. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "ही तर आमची चंद्रभागा. शेजारच्या क्वार्टरमधली. तिचा नवरा आजारी पडला की दिवे तीच घासून द्यायची." आम्ही तिथंच पेन्सिल काढली आणि फोटोमागं लिहिलं: चंद्रभागा.

तुमच्या ट्रंकेतली चंद्रभागा कोण आहे, ते आजच विचारा.