फुकुशिमानंतर अणुशक्तीचे भवितव्य



११ मार्च २०११ रोजी दुपारी पावणेतीनच्या सुमारास जपानच्या ईशान्य किनाऱ्यालगत, समुद्राच्या तळाशी, ९ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यामागून आलेल्या लाटेने त्या किनाऱ्यावर जो प्रलय मांडला तो जगाच्या स्मरणात फुकुशिमा या एका नावाने राहिला आहे. परंतु त्याच किनाऱ्यावर, भूकंपाच्या उगमस्थानाला फुकुशिमाहूनही जवळ, ओनागावा नावाचे दुसरे एक अणुवीजकेंद्र होते. त्याचे नाव फारसे कुणाच्या तोंडी नाही. कारण तेथे अनर्थ घडला नाही. भूकंप एकच, समुद्र एकच, लाटेची उंचीही थोड्याफार फरकाने सारखीच. असे असता एक केंद्र उद्ध्वस्त झाले आणि दुसरे उभे राहिले. असे का व्हावे, याचा उलगडा झाल्याखेरीज अणुशक्तीच्या भवितव्याविषयी बोलण्यात फारसा अर्थ नाही, असे मला वाटते. म्हणून आज आपणांस प्रथम या दोन केंद्रांची हकीकत सांगतो.

फुकुशिमा दाइइची केंद्रात सहा अणुभट्ट्या होत्या. त्यांपैकी तीन त्या दिवशी चालू होत्या व तीन तपासणीसाठी बंद होत्या. भूकंपाचा धक्का बसताच चालू भट्ट्या आपोआप बंद झाल्या. येथपर्यंत यंत्रांनी आपले काम चोख बजावले. परंतु अणुभट्टी बंद करणे म्हणजे दिवा मालवणे नव्हे. चुलीतील लाकडे ओढून घेतली तरी निखारे बराच वेळ धगधगत राहतात, तसेच येथे असते. भट्टी बंद झाल्यावरही आतील इंधन पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता प्रथम देत राहते, आणि ती कमी होत गेली तरी दिवसेंदिवस, महिनेन् महिने तिच्यावर पाणी खेळवावे लागते. पाण्यासाठी पंप हवेत, आणि पंपांसाठी वीज हवी. भूकंपाने बाहेरून येणारी वीज तुटली, तेव्हा डिझेलवर चालणारी जनित्रे सुरू झाली. सुमारे पन्नास मिनिटांनी १४ ते १५ मीटर उंचीची लाट आली. केंद्राची जमीन समुद्रसपाटीपासून अवघी १० मीटर उंच होती, आणि बहुतेक जनित्रे इमारतींच्या तळघरात होती. पाणी तळघरात शिरले आणि सर्वत्र अंधार झाला. पुढच्या चार दिवसांत तीन भट्ट्यांतील इंधन वितळले व हायड्रोजन वायूच्या स्फोटांनी तीन इमारतींची छपरे उडाली. पाचव्या व सहाव्या भट्टीचा मात्र बचाव झाला. तेथे एक जनित्र थोडे उंचावर होते व त्याला थंड राहण्यासाठी समुद्राच्या पाण्याची गरज नव्हती. त्या एका जनित्राने दोन भट्ट्या तारल्या.

आता मूळ जागेविषयी. ज्या ठिकाणी हे केंद्र उभारले तेथे पूर्वी सुमारे ३५ मीटर उंचीचा कडा होता. इमारतीचा पाया पक्क्या खडकात जावा आणि समुद्राचे पाणी वर चढविण्याचा खर्च वाचावा म्हणून तो कडा १० मीटरपर्यंत छाटण्यात आला. खडकावर बांधलेले घर पुरात टिकते, हा दृष्टांत आपण ऐकत आलो आहोत. येथे घर खडकावरच होते. परंतु तो खडक गाठण्यासाठी माणूस स्वतःहून समुद्राच्या कवेत उतरला होता. केंद्राच्या आखणीच्या वेळी धरलेली लाटेची उंची होती ३.१ मीटर. १९६० साली चिलीतील भूकंपामुळे जपानपर्यंत आलेल्या लाटेवरून हा आकडा घेतला होता. त्याहून मोठी लाट या किनाऱ्यावर कधी आलीच नव्हती काय? आली होती. इसवी सन ८६९ मध्ये आलेल्या जोगान लाटेचा उल्लेख जुन्या बखरींत आहे, आणि तिने आत दूरवर आणून टाकलेली वाळू भूगर्भशास्त्रज्ञांनी शेतांच्या मातीखाली शोधून काढली होती. इतकेच नव्हे, तर २००८ साली खुद्द कंपनीतच केलेल्या एका गणिताने १५.७ मीटर उंचीच्या लाटेची शक्यता दाखविली होती. त्यावर निर्णय झाला तो असा, की विषय अधिक अभ्यासासाठी पाठवावा. हे गणित सरकारी नियामक संस्थेच्या हाती पडले ७ मार्च २०११ रोजी. मध्ये केवळ चार दिवस उरले होते.

आता ओनागावाकडे वळू. या केंद्राची आखणी चालू असता किनाऱ्यावरील लाटेची उंची सुमारे ३ मीटरच धरली जात होती, आणि जमिनीची उंची १२ मीटर असली तर पुष्कळ झाले असे अनेक तज्ज्ञांचे मत होते. तोहोकू वीज कंपनीचे माजी उपाध्यक्ष यानोसुके हिराई हे अभियंते सल्लागार समितीत होते. ते त्याच प्रदेशातले. लहानपणापासून त्यांच्या कानांवर जोगान लाटेच्या कथा पडलेल्या होत्या. त्यांनी १४.८ मीटरचा आग्रह धरला आणि अखेर तो मान्य करून घेतला. लाट येण्यापूर्वी समुद्र मागे हटतो, तेव्हा पंप कोरडे पडू नयेत म्हणून पाणी साठवून ठेवणारी रचनाही त्यांनी सुचविली. १९८६ साली हिराई वारले. त्यानंतर पंचवीस वर्षांनी लाट आली ती सुमारे १३ मीटरची. भूकंपाने जमीनच एक मीटर खचली होती. म्हणजे वाचण्यास उरले एक मीटरहूनही कमी अंतर. तेथेही सर्व काही आबाद होते असे नाही. बाहेरच्या पाच वीजवाहिन्यांपैकी एकच शाबूत राहिली, एका इमारतीत आग लागली, एका तळघरात पाणी शिरले. तथापि भट्ट्या सुखरूप थंड झाल्या. ओनागावा गाव लाटेने धुऊन नेले, आणि घरे गमावलेल्या तीनशेहून अधिक लोकांनी आश्रय घेतला तो त्या अणुवीजकेंद्राच्या आवारात. फुकुशिमाच्या भोवतालची माणसे केंद्रापासून दूर पळत होती, त्याच दिवसांत ओनागावाची माणसे केंद्राकडे धाव घेत होती.

या दोन चित्रांतील अंतर विज्ञानाने पडलेले नाही. दोन्हीकडे विज्ञान तेच होते. एके ठिकाणी अप्रिय बोलणाऱ्या माणसाचे ऐकले गेले आणि दुसऱ्या ठिकाणी अप्रिय कागद खणात पडून राहिला. जपानच्या संसदेने नेमलेल्या चौकशी आयोगाने २०१२ साली हा अपघात मानवनिर्मित ठरविला. ज्या संस्थेने कंपनीवर देखरेख करावयाची तीच संस्था अणुवीजेचा प्रसार करणाऱ्या मंत्रालयाच्या पदराखाली होती, हेही त्याने स्पष्ट दाखविले. कंपनीच्या माजी अधिकाऱ्यांची फौजदारी खटल्यातील निर्दोषता २०२५ मध्ये अंतिमतः कायम झाली. यावरून मला वाटते ते असे, की हा दोष कुणा एकाच्या दुष्टपणाचा नसून सर्वांनी मिळून गप्प राहण्याच्या सवयीचा होता. अशा सवयीला तुरुंगात घालता येत नाही.

मागील मोठ्या अपघातांकडे पाहिले तरी हेच दिसते. १९७९ साली अमेरिकेत थ्री माइल आयलंड येथे एक झडप उघडी राहिली व भट्टीतील इंधन वितळले. तशीच झडप दीड वर्ष आधी डेव्हिस-बेसी येथील केंद्रात अडकली होती; परंतु तेथला धडा इतर चालकांपर्यंत पोहोचला नाही. १९८६ साली चेर्नोबिल येथे जो दोष विनाशाला कारण झाला त्याची चुणूक १९८३ साली इग्नालिना येथील चाचणीत दिसली होती. ती चेर्नोबिलच्या रात्रपाळीच्या माणसांना कुणी सांगितली नाही. प्रत्येक वेळी इशारा आधी आला, आणि अपघात मागाहून.

मग अणुशक्ती सोडून द्यावी काय? या प्रश्नाला जगाने एकच उत्तर दिलेले नाही. जर्मनीने फुकुशिमानंतर काही आठवड्यांतच आपली दिशा ठरविली आणि १५ एप्रिल २०२३ रोजी शेवटच्या तीन भट्ट्या बंद केल्या. जपानने २०१३ पर्यंत आपल्या सर्व भट्ट्या थांबविल्या, आणि २०१५ पासून एकेक करून काही पुन्हा चालू केल्या. ओनागावाची दुसरी भट्टी २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. भट्ट्या थांबल्या तेव्हा जपानची विजेची गरज काही थांबली नाही. ती भागविण्यासाठी बाहेरून अधिक कोळसा व नैसर्गिक वायू आणून जाळावा लागला. कोळशाचा धूर किरणोत्सर्गासारखी भीती घालत नाही; परंतु तो दररोज, मुकाट्याने माणसांची फुफ्फुसे खातो व पृथ्वीचा ताप वाढवितो. सूर्य व वारा यांची वीज स्वस्त झाली आहे, ही मोठीच आनंदाची गोष्ट होय. परंतु रात्री व निवांत हवेत काय करावे हा प्रश्न पुरता सुटलेला नाही. म्हणून अणुशक्तीला नुसते धिक्कारून चालत नाही.

तितकेच खरे हे, की तिचे कौतुक करणाऱ्यांनी फुकुशिमाचे बिल पुरते वाचले पाहिजे. दीड लाखाहून अधिक माणसांना घरदार सोडावे लागले. किरणोत्सर्गामुळे रहिवाशांच्या आरोग्याला प्रत्यक्ष हानी झाल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीला आढळले नाही; परंतु रुग्णालयांतून व वृद्धाश्रमांतून घाईने हलविलेली म्हातारी माणसे, घर तुटल्याने खचलेली माणसे, अशा दोन हजारांहून अधिक मृत्यूंची नोंद त्या एका प्रांतात आपत्तीशी निगडित म्हणून झाली आहे. वितळलेले इंधन व त्यात मिसळलेला मलबा सुमारे ८८० टन आहे असा अंदाज आहे. त्यातील पहिला नमुना बाहेर काढता आला तो २०२४ च्या नोव्हेंबरात, आणि तोही एक ग्रॅमहून कमी वजनाचा. यावरून उरलेल्या कामाची कल्पना यावी.

हा प्रश्न आपल्याही दाराशी आहे. १९६९ पासून वीज देऊ लागलेल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या, आणि १९७१ साली सुरू झालेली फुकुशिमाची पहिली भट्टी, या एकाच अमेरिकन कंपनीच्या व एकाच उकळत्या पाण्याच्या पद्धतीच्या. गोवा आणि बेळगाव यांना कैगा काही दूर नाही, आणि बडोद्याला काकरापार. १९९३ साली उत्तर प्रदेशातील नरोरा येथे आग लागून केंद्र कित्येक तास विजेवाचून राहिले. तेथील कर्मचाऱ्यांच्या प्रसंगावधानाने संकट टळले. २००४ च्या लाटेत कल्पाक्कम येथील पंपघरात समुद्र शिरला. भट्टी सुरक्षितपणे बंद करण्यात आली. हे प्रसंग निभावले, याचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु निभावलेला प्रसंग हाही एक इशाराच असतो. आता २०४७ पर्यंत एक लाख मेगावॅट अणुवीज निर्माण करण्याचा आपल्या सरकारचा संकल्प आहे. आजची क्षमता नऊ हजारांच्या आसपास आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा संमत करून खाजगी उद्योगांस या क्षेत्राचे दार उघडले, आणि त्याच कायद्याने अणुऊर्जा नियामक मंडळाला वैधानिक स्थान दिले. यांतील पहिल्या गोष्टीची चर्चा पुष्कळ होते. माझ्या मते दुसरी अधिक महत्त्वाची आहे. कायद्यात स्थान मिळणे ही सुरुवात झाली. ते मंडळ एखाद्या दिवशी एखाद्या बलाढ्य मालकाला, मग तो खाजगी असो वा सरकारी, 'भट्टी बंद करा' असे सांगेल काय, आणि सांगितल्यावर ती बंद होईल काय, यावर सारे अवलंबून आहे.

ज्या वर्गात फळ्यावरील चूक दाखविणाऱ्या मुलाला छडी मिळते, त्या वर्गात चुका कमी होत नाहीत. त्या दाखविणारी मुले कमी होतात. अणुवीजकेंद्राचेही तसेच आहे. तेथील कनिष्ठ अभियंता वाईट बातमी घेऊन साहेबाच्या खोलीत गेला तर त्याचे काय होते? आसपासच्या गावांतील माणसांना संकटकाळी कोणत्या रस्त्याने, कोठे जावयाचे हे आधीच सांगितलेले असते काय? शंका विचारणाऱ्या कोळ्याला व शेतकऱ्याला अडाणी किंवा देशद्रोही म्हटले जाते, की त्यांना उत्तर दिले जाते? नागरिकांनी हे प्रश्न विचारावेत. ते विचारण्यास पदार्थविज्ञानाची पदवी लागत नाही.

जपानच्या त्याच किनाऱ्यावर आनेयोशी नावाचे लहानसे खेडे आहे. १९३३ च्या लाटेनंतर तेथील लोकांनी डोंगरउतारावर एक शिळा उभारली व या जागेच्या खाली घर बांधू नका असे तिच्यावर कोरून ठेवले. पुढच्या पिढ्यांनी ते पाळले. २०११ साली पाणी त्या शिळेच्या सुमारे शंभर मीटर खाली येऊन थांबले. त्या खेड्याजवळ ना प्रयोगशाळा होती, ना गणकयंत्र. वडीलधाऱ्यांनी लिहून ठेवलेले खरे मानण्याची नम्रता तेवढी होती. ती नम्रता ज्या देशाच्या अभियंत्यांत, अधिकाऱ्यांत आणि मंत्र्यांत असेल, त्या देशाने अणुशक्ती खुशाल हाती घ्यावी. जेथे ती नसेल तेथे कोणत्याही उंचीची भिंत अपुरीच पडेल.