जडसंग्रहाची नोंदवही आणि संगणक

सरकारी कचेरीत ज्याने चार वर्षे काढली आहेत, त्याला 'जडसंग्रह नोंदवही' म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. खुर्ची आली, कपाट आले, की त्यांची नोंद तीत होते. पुढे खुर्चीचा पाय मोडला तरी ती उचलून फेकून देता येत नाही. तिचे रीतसर निर्लेखन व्हावे लागते. या पद्धतीची थट्टा पुष्कळ झाली आहे, आणि ती अगदीच अनाठायी होती असे मी म्हणणार नाही. परंतु आज मला या नोंदवहीची थोडी तरफदारी करावयाची आहे, आणि तीही कोणी अपेक्षा करणार नाही अशा ठिकाणी, म्हणजे संगणकाच्या काळ्या पडद्यावर.

संगणकासाठी आज्ञावली लिहिणारा मनुष्य सगळे काही स्वतः लिहीत नाही. तारखांचा हिशेब, तक्ते, आलेख, शब्दांची फोड, ही कामे दुसऱ्या कोणीतरी आधीच करून ठेवलेली असतात. अशा तयार आज्ञावलींच्या संग्रहाला लायब्ररी म्हणतात आणि तिच्या बांधलेल्या गाठोड्याला पॅकेज. 'पायथन' नावाच्या संगणकभाषेची अशी गाठोडी ठेवण्याचे सार्वजनिक भांडार २००३ साली उघडले. आज त्यात पाच लाखांहून अधिक पॅकेजे आहेत आणि ती बहुतांशी विनामूल्य आहेत. भांडारातून माल उचलून आणणारा जो हरकाम्या आहे त्याचे नाव 'पिप'. इयन बिकिंग यांनी तो २००८ साली घडविला. पुण्याच्या 'एल-थ्री-क्यूब' या गटाने मराठीसाठी 'महाएनएलपी' नावाची लायब्ररी केली आहे. ती मराठी वाक्यातील व्यक्तींची व गावांची नावे ओळखते, वाक्याचा सूर प्रसन्न आहे की रागाचा, हेही सांगू पाहते. दिल्लीत बसून 'पिप इन्स्टॉल महाएनएलपी' एवढी एक ओळ टंकित केली की पुण्याचे हे श्रम आपल्या टेबलावर हजर होतात. चित्रांवर टिचक्या मारून काम करण्यापेक्षा ही रीत रुक्ष दिसते खरी; पण ओळ लिहून ठेवता येते, नागपूरच्या सहकाऱ्याला कळविता येते, आणि तो तीच ओळ तशीच चालवू शकतो.

मात्र पॅकेज एकटे येत नाही. त्याला दुसऱ्या चार पॅकेजांचा आधार लागतो, त्या चारांना आणखी कोणाचा. जेवायला एकाला बोलवावे आणि त्याने मामा, मामी, मामीचा भाचा असा गोतावळा बरोबर आणावा, तसा हा प्रकार आहे. पडद्यावर त्यांची नावे भराभर सरकत जातात आणि ती कोणी वाचत नाही.

आता काढण्याची गोष्ट. 'पिप अनइन्स्टॉल' म्हटले की ज्याचे नाव घेतले तेवढेच पॅकेज जाते. गोतावळा घरातच राहतो. पण त्या एकाच्या तरी कोणकोणत्या फायली होत्या, हे पिपला कसे कळते? तर आणतेवेळीच 'रेकॉर्ड' नावाची एक यादी लिहिली जाते. तीत प्रत्येक फाइलीचा पत्ता आणि बहुतेकींच्या अंगठ्याचा जणू ठसा असतो. काढताना पिप ही यादी उघडतो आणि तीप्रमाणे एकेक फाइल पुसून टाकतो. ही यादी म्हणजे आमची जडसंग्रह नोंदवहीच होय! पूर्वीच्या एका पद्धतीने बसविलेल्या पॅकेजांची अशी विश्वसनीय यादी नसे. तेथे पिप स्वच्छ सांगतो की, या पॅकेजाच्या फायली कोणत्या हे नक्की ठरविता येत नाही, सबब मी ते काढणार नाही. माझ्या मते हा नकार प्रशंसनीय आहे. इतका सरळ खुलासा आमच्या टिपणींतही क्वचितच वाचावयास मिळतो.

'डेबियन' या कार्यप्रणालीने १९९९ सालापासून 'ॲप्ट' नावाचे साधन वापरात आणले. सी-डॅकने भारतासाठी केलेली 'बॉस' ही प्रणालीही डेबियनवरच उभी आहे. ॲप्टचे हिशेब अधिक चोख. कोणते पॅकेज आपण मागितले आणि कोणते कोणाच्या मागोमाग आले, हे आज तो वेगवेगळे टिपून ठेवतो. म्हणून 'ऑटोरिमूव्ह' म्हटले की ज्यांचा यजमान निघून गेला असे पाहुणे तो बाहेर काढू शकतो. शिवाय 'रिमूव्ह' आणि 'पर्ज' असा भेद तो करतो. पहिल्याने पॅकेज जाते पण त्याची मांडणीची टिपणे राहतात. दुसऱ्याने तीही जातात. बदली आणि सेवानिवृत्ती यांतला फरक म्हणा हवा तर.

एवढे असूनही घात होतो. एका कार्यालयात एका उत्साही तरुणाने जुने दिसले म्हणून प्रणालीचे मूळ पायथनच काढावयास घेतले. त्याबरोबर काय काय जाईल याची लांबलचक यादी ॲप्टने पडद्यावर मांडली आणि 'हो की नाही' असे विचारले. तरुणाने न वाचताच 'हो' म्हटले आणि पडद्यावरची खिडक्या-दारे सर्व नाहीशी झाली. मी त्या तरुणाला फारसा दोष देत नाही. सही करण्यापूर्वी यादी वाचणारे अधिकारी तरी किती असतात? २०२३ साली आलेल्या बाराव्या डेबियनमध्ये पिप प्रणालीच्या मूळ पायथनला हात लावावयास नकार देतो. ज्याला हट्टच करावयाचा असेल त्याला 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस', म्हणजे 'प्रणाली मोडली तरी चालेल', हे शब्द स्वहस्ते लिहावे लागतात. शहाणपणाची वाट वेगळी आहे: प्रत्येक कामाला स्वतंत्र खोली द्यावी. 'व्हेन्व्ह' या सोयीने तशी खोली क्षणात उभी राहते. काम संपले की ती सगळी खोलीच पुसून टाकावी, मूळ घराला धक्का लागत नाही.

हे झाले आपल्या बाजूचे. कधी दाताच आपली वस्तू परत घेतो. मार्च २०१६ मध्ये अझेर कोचुलू या लेखकाने एका नावावरून झालेल्या तंट्यात जावास्क्रिप्टच्या भांडारातील आपली सर्व पॅकेजे काढून घेतली. त्यांत 'लेफ्ट-पॅड' नावाचे अवघ्या अकरा ओळींचे एक पॅकेज होते. शब्दाच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा भरणे, एवढेच त्याचे काम! पण ते इतक्यांच्या गोतावळ्यात दडलेले होते की जगभर मोठमोठ्या आज्ञावलींची बांधणी अडली. भांडारवाल्यांना ते काही तासांतच परत ठेवावे लागले आणि पुढे माल काढून घेण्याचे नियमही कडक करावे लागले. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉग-फोर-जे' या पॅकेजातील मोठे छिद्र जाहीर झाले, तेव्हा प्रश्न याहून साधा होता: ते आमच्याकडे आहे काय? याचे उत्तर देण्यासाठी असंख्य संस्थांना आपलीच कपाटे धुंडाळावी लागली.

भारत सरकारने २०१५ साली शासकीय कामात मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. तेव्हापासून निवृत्तिवेतनापासून शिधापत्रिकेपर्यंत कोठे कोणाचे गाठोडे आले असेल, हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा राहिला नाही. पेन्शनचा हिशेब करणाऱ्या आज्ञावलीत एखादे छिद्र निघाले, तर रांगेत थांबणार आहे तो म्हातारा निवृत्त शिक्षक, आणि त्याला पॅकेज म्हणजे काय हे ठाऊकही नाही. लोधी रोडवरच्या 'सर्ट-इन' या शासकीय यंत्रणेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकांची सूची ठेवण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. कोणता घटक, कोणती आवृत्ती, कोणाकडून आला, हे सारे तीत लिहावयाचे. मला भीती एवढीच वाटते की आमच्याकडे ही सूचीदेखील लेखापरीक्षणाच्या आदल्या रात्री भरली जाईल. वास्तविक निदान पायथनपुरती आरंभाची यादी करण्यास रात्र जागवावी लागत नाही. 'पिप फ्रीझ' हे दोन शब्द टंकित केले की त्या खोलीत बसविलेली पॅकेजे आपापल्या आवृत्तीच्या क्रमांकासह पडद्यावर उभी राहतात, आणि ती यादी फाइलीत उतरवून तीवर तारीख घालावयास पाव मिनिटही लागत नाही.